उताराच्या बाजूला

कोल्हापूरला परतून आठवडा झाला. शेजारणी विचारतात, वाशीमकडं बघण्यासारखं काय आहे? देऊळ आहे, धरण आहे? मी 'पाणी बघायला गेले होते' एवढंच म्हणते आणि विषय बदलते. घडलं ते जिन्यात उभं राहून सांगता येण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

मी पॉलिटेक्निकमध्ये स्थापत्य शिकवत असे. निवृत्त झाल्यावर आम्ही काही मित्रमैत्रिणींनी गावोगावी पिण्याच्या पाण्याचे छोटे प्लांट उभे करायचं काम सुरू केलं. कुणी वर्गणी गोळा करायचं, कुणी गावांशी बोलायचं, आणि नकाशे माझ्याकडे. गच्चीवरच्या खोलीत बसून मी एक नमुना नकाशा काढला: एवढी खोली, इथं टाकी, इथं मशीन, इथं नळ. वाशीम जिल्ह्यातल्या बारा गावांत त्या एका नकाशावरून बारा प्लांट झाले. त्यातलं एकही गाव मी पाहिलेलं नव्हतं. यंदा पौषात म्हटलं, जाऊन येऊ. पाच दिवसांचा बेत केला होता.

मालेगाव ते मानोरा

वाशीमजवळच्या मालेगावला एसटीतून उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि माझे दात वाजत होते. आमच्याकडची थंडी ओलसर असते, अंगाला बिलगते. इथली कोरडी, ओठ फोडणारी. स्टँडबाहेर माणिक राठोड मोटरसायकल घेऊन उभे होते. बाराही प्लांटची दुरुस्ती हेच बघतात. चाळिशी उलटलेला, हाडापेराचा, कमी बोलणारा माणूस. गाडीच्या दोन्ही बाजूंना पान्यांनी आणि पाइपच्या तुकड्यांनी भरलेल्या पिशव्या लटकत होत्या. फोनवर चार वर्षं बोलत होतो, भेट पहिलीच.

"बॅग इकडं द्या ताई, टाकीवर ठेवतो. अन् कान बांधून घ्या, हवा लागते."

दोन्हीकडं हरभरा, तूर, मधूनच कपाशीचे उभे सांगाडे. माती काळी म्हणजे खरोखर काळी. ती काय चीज आहे ते मला तासाभरात कळलं. एका शेतकऱ्यानं हरभऱ्याला दिलेलं पाणी रस्त्यावर आलं होतं. त्यावरून गाडी साबणावरून सरकावी तशी सरकली आणि मी, माझी बॅग आणि माणिकभाऊंचे पाने असे सगळे हरभऱ्यात आडवे झालो. लागलं काही नाही. शेतातली बाई धावत आली, मला उभं केलं, तांब्यानं माझे हात धुतले आणि पदरातले हिरवे घाटे माझ्या ओंजळीत ओतले. "पडलीच हाये हरभऱ्यात तं खाऊन घे," म्हणाली. अनोळखी बाईनं मला एकदम अगं-तुगं केलं आणि मला ते आवडलं.

पुढं एका टपरीवर चहाला थांबलो तेव्हा माणिकभाऊंनी विचारलं, "कोल्हापूर म्हंजे नदीच्या कोन्त्या अंगाले?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "मले सारा भाग मालूम हाये. बारा वर्ष होतो तिकडं."

"नोकरीला?"

"नाही जी. ऊस तोडाले. मायबापासंगं. आमच्या तांड्यातले आताही तिकडंच गेले हायेत."

दरवर्षी दिवाळी सरली की आमच्या गावाबाहेर उसाच्या पाल्याच्या कोप्या उभ्या राहतात. तीस वर्षं मी त्या कोप्या बसच्या खिडकीतून पाहत आले. म्हटलं, "पाणी कुठलं प्यायचा तुम्ही तिथं?"

"पाटाचं. मालकाच्या विहिरीवर नव्हते येऊ देत. एका साली हगवण लागली साऱ्याईले. माही लहानी बहीण तिथंच गेली. तिथंच पुरली तिले, पाटाच्या कडेनं." त्यांनी चहाचा कप उलटा करून ठेवला. "म्हून हे काम करतो मी. चाला."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. ज्या पाटाच्या कडेनं मी सकाळी फिरायला जाते, तो हाच की दुसरा, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

मानोऱ्याजवळच्या त्यांच्या तांड्यावर पोचलो तर निम्म्या घरांना कुलपं. म्हातारी माणसं उन्हाला बसलेली. माणिकभाऊंच्या बायकोनं ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या कोवळ्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची, भाजी केली होती. इतकी हिरवी, इतकी गोडसर भाजी मी कधी खाल्ली नव्हती. आमच्याकडं तूर म्हणजे डब्यातली डाळ.

वरचं गाव

दुसऱ्या दिवशी ज्या गावात गेलो त्याचं नाव मी लिहीत नाही. गाव टेकाडावर आहे. वर ग्रामपंचायत, देऊळ, शाळा आणि आमचा प्लांट. सुनंदाताई तो चालवतात. बचत गटाच्या अध्यक्ष, कमरेला किल्ली, बोलण्यात ठसका. सकाळी सहाला मशीन सुरू करतात, आणि साडेसहाला नळासमोर निळ्या जारची रांग असते.

आत गेले आणि थबकले. भिंतीवर माझा नकाशा चक्क फ्रेम करून लावला होता. खाली माझी सही. फ्रेमला झेंडूचा हार.

"अहो, हे काय!"

"तुमचीच करामत हाये ना ताई. मंग?" सुनंदाताई हसल्या. "याच्या आगुदर बोअरचं पानी प्यायचो. खारट, जड. पाव्हने घोट घेऊन तोंड वाकडं करत. आता पोरीच्या सोयरिकीले आलेले लोक म्हनतात, गावचं पानी बरं हाये."

पाणी त्यांनी स्टीलच्या पेल्यात दिलं. थंड, हलकं, गोड. मला भरून आलं, हे कबूल करते. आमच्या कोल्हापूरला नदी असून आम्ही जार विकत आणतो, आणि इथं टेकाडावर या बायका आपलं पाणी आपण करत होत्या.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. या बोअरच्या पाण्यात नायट्रेट जास्त आहे. ते शेतातल्या खतातून, गोठ्यांतून, संडासाच्या खड्ड्यांतून जमिनीत मुरतं. दिसत नाही, वास येत नाही, उकळून जात नाही. मशीन दाबानं पाणी पडद्यातून ढकलतं. पलीकडं स्वच्छ पाणी येतं, आणि जे काही गाळलं गेलं ते उरलेल्या पाण्यात दाट होऊन दुसऱ्या नळीतून बाहेर पडतं.

"हे दुसरं पाणी कुठं सोडता?" मी विचारलं.

"खड्ड्यात. नकाशात दावलं तसंच."

खोलीमागं सिमेंटचं झाकण होतं. खाली शोषखड्डा, दगडगोट्यांनी भरलेला. पाणी छान मुरत होतं, कुठं डबकं नाही, डास नाही. मी समाधानानं मान हलवली. त्या मान हलवण्याची आज लाज वाटते.

खड्ड्याच्या पलीकडं जमीन खाली उतरत गेली होती. पायथ्याशी वीस-पंचवीस घरं, निळी पताका, आणि एक घडीव दगडांची देखणी विहीर. "ती खालची वस्ती," सुनंदाताई म्हणाल्या. "विहीर त्याईचीच." मला जुन्या बांधकामांची हौस. फोटो घ्यावा म्हणून मी आणि माणिकभाऊ उतरून खाली गेलो.

खालची वस्ती

विहिरीवर एक म्हातारी पाणी शेंदत होती. पांढरे केस घट्ट बांधलेले, हातात हिरवा चुडा. नाव कौतिकाबाई. मी विहिरीचं कौतुक केलं तशी तिनं दोर खाली ठेवला.

"माह्या सासऱ्यानं खांदली ही, वस्तीतल्या साऱ्याईनं मिळून. धम्म घेतला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. वरच्या विहिरीवर दोर टाकू नव्हते देत आमाले. वंजळीत पानी वाढत वरून, कुत्र्याले वाढा तसं. सासरा म्हने, आता मांगून नाही पेनार. साठ हात खोल गेले. पानी लागलं तवा सारे रडले म्हंते." तिनं कठड्याच्या दगडावर हात फिरवला. "हे आमचं पानी हाये बाई. कोनाच्या बापाचं नाही."

मग म्हणाली, "उभ्यानं काय बोलता, चाय घ्या."

अंगण सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात चूल. चुलीवर पातेल्यात पाणी खळखळत होतं. सून वैशाली, वीस-बावीस वर्षांची, दारात उन्हाला आपल्या लेकीला घेऊन बसली होती. बाळ दोन महिन्यांचं. टोपडं, स्वेटर, वर शाल.

"तिले दूध नाही आलं," कौतिकाबाई म्हणाली. "डब्याचं पाजतो. पर मी पानी लय उकळून घेतो. अर्ध आटेपर्यंत. कच्चं पानी लेकराले देतच नाही मी."

"प्लांटचं पाणी नाही वापरत?"

"आमी पेतो ते. लेकराले कायले मशीनचं देऊ? त्याच्यात जीव नसते. लेकराले घरच्या विहिरीचंच."

मी बाळाकडं वाकले. शाल जरा बाजूला केली. ओठ निळसर होते, जांभूळ खाल्ल्यासारखे. मी मूठ उघडून नखं पाहिली. तीही निळी. बाळ रडत नव्हतं. बघतही नव्हतं. छाती भराभर वरखाली होत होती.

"हे असं कधीपासून आहे?"

"चार रोज झाले. थंडीनं होते ते," कौतिकाबाई म्हणाली. "म्हून तं उन्हात बसवलं."

मी शिकवलेलं मला आठवलं. दरवर्षी एका तासाला मी ते फळ्यावर लिहीत असे: नायट्रेटचं पाणी, बाटलीचं दूध, निळं बाळ. मुलं वहीत उतरवून घ्यायची. माझ्या डोळ्यांपुढं ते बाळ कधीच आलं नव्हतं. माझ्या पिशवीत पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या होत्या. एक काढून मी चुलीजवळच्या, विहिरीचं पाणी भरलेल्या माठात बुडवली. पट्टी आधी गुलाबी झाली, मग मी बघत असतानाच गडद होत गेली, जांभळ्यावर गेली. डबीवरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढं.

आणि पातेल्यात तेच पाणी आटत होतं. अर्ध आटलं म्हणजे विष दुप्पट दाट. ही बाई स्वतःच्या हातानं, जागरणं करून, जीव लावून ते करत होती.

"पातेलं उतरवा," मी ओरडलेच. "बाळाला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय."

कौतिकाबाई माझ्याकडं बघत राहिली. "काहून? काय झालं?"

"पाण्यामुळं झालंय. थंडीनं नाही."

"माह्या विहिरीच्या?" तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता अविश्वास होता. मी लेकराच्या बापाबद्दल काही वावगं बोलल्यासारखा.

माणिकभाऊ तेवढ्यात वर पळाले होते. जार पोचवायची छोटी गाडी त्यांनी खाली आणली, भरलेले जार तिथंच रस्त्यावर उतरवून ठेवले. वैशाली बाळाला घेऊन पुढं बसली. मी आणि कौतिकाबाई मागं, रिकाम्या हौद्यात, एकमेकींना धरून.

वाशीम

रस्ता मला आठवत नाही. कौतिकाबाई मधूनमधून पुढच्या काचेवर हात मारून विचारायची, "श्वास घेते का वं?" आणि वैशाली मान हलवायची, एवढंच आठवतं.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. मी धापा टाकत सांगितलं, पाणी, नायट्रेट, पट्टीचा रंग. तिनं मला पूर्ण बोलू दिलं. ऑक्सिजन लावला. बाळाच्या ओठांचा रंग जराही बदलला नाही. मग तिनं टाचेतून रक्त काढलं आणि सुई उजेडात धरली. मी रक्त पाहिलं. ते लाल नव्हतं. कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं. तिनं दोन थेंब पांढऱ्या कापडावर टाकले, कापड हवेत हलवलं, थांबली. माणसाचं रक्त हवा लागली की लाल होतं. हे तपकिरीच राहिलं.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "नाहीतर मी हृदयाकडं बघत बसले असते."

यावर औषध आहे, आणि ते गर्द निळं असतं. ऑपरेशनच्या खोलीत रंग म्हणून वापरायला ठेवतात तेच. नर्स धावत जाऊन घेऊन आली. निळ्या पडलेल्या बाळाच्या शिरेत निळं औषध जाताना पाहून कौतिकाबाईनं तोंडाला पदर लावला आणि पाठ फिरवली. वैशाली मात्र पापणी न हलवता बघत होती.

अर्धा तास गेला असेल. बाळाच्या ओठांच्या कडेला, अगदी कडेला, गुलाबी रेघ उमटली. ती पसरत गेली. मग बाळानं तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला. चार दिवसांत ते पहिल्यांदा रडत होतं. वैशाली हसायला लागली आणि हसताहसता खाली बसली.

मी बाहेर व्हरांड्यात आले. माणिकभाऊ बाकावर बसले होते. पोर वाचली म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. थोड्या वेळानं मी म्हटलं, "मला एक कळत नाही. बोअरच्या पाण्यात सकाळी मी पट्टी बुडवली होती, ती गुलाबी झाली, जांभळी नाही. विहीर तर दर पावसाळ्यात नव्या पाण्यानं भरते. तिच्यात बोअरपेक्षा इतकं जास्त कसं?"

ते सहज म्हणाले, "खड्डा तिच्या डोक्यावरच हाये ना, ताई."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांना आपण काय बोललो ते ठाऊक नव्हतं. मला मात्र भिंतीवरची ती फ्रेम दिसली, झेंडूचा हार दिसला, आणि हाराखाली माझ्या वळणदार अक्षरातली ओळ: 'शोषखड्डा प्लॉटच्या उताराच्या बाजूला घ्यावा.' उताराच्या बाजूला. कोल्हापुरात बसून लिहिताना मला एवढंच सुचलं होतं की पाणी खोलीच्या पायात मुरू नये. उताराखाली कोण राहतं हे मी विचारलंच नव्हतं. दोन वर्षं, रोज सकाळी सहापासून, वरच्या गावाच्या पाण्यातून काढलेलं सगळं विष कौतिकाबाईच्या सासऱ्यानं खणलेल्या विहिरीत उतरत होतं.

माणिकभाऊंना मी ते सांगितलं. ते खालच्या मानेनं म्हणाले, "झाकन म्याच बसवलं होतं."

कौतिकाबाईच्या अंगणात

तिसऱ्या दिवशी बाळाला घरी सोडलं. दरम्यान मी गावात परतून सगळं तपासून घेतलं होतं: नळ, बोअर, खड्डा, विहीर. शंकेला जागा उरली नव्हती. सुनंदाताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी काही न विचारता मशीनचं बटण बंद केलं आणि माझ्याबरोबर खाली आल्या. त्यांच्यामागं गटाच्या इतर बायका. वरच्या गावातल्या इतक्या बायका खालच्या अंगणात एकदम कधी आल्या नसाव्यात. वस्तीतली माणसं जरा बाजूला सरकून उभी राहिली.

कौतिकाबाईनं मला पाट दिला. मी उभीच राहिले. कसं सांगायचं याची मी रात्रभर जुळवाजुळव केली होती, ती सगळी विसरले.

"विहिरीत घाण आमच्या प्लांटमधून येते आहे," मी म्हटलं. "खड्डा चुकीच्या जागी आहे. ती जागा मी ठरवली. नकाशा माझा आहे."

कौतिकाबाईनं विचारलं, "तू कवा ठरवलं? तू तं परवा पह्यल्यांदा आली."

"तिकडं बसून. कागदावर."

"मंग तवा आली काहून नाही तू?"

मी मान खाली घातली, आणि साठीच्या वयात, परक्या अंगणात, इतक्या लोकांसमोर माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कौतिकाबाई माझी समजूत काढायला पुढं आली नाही. ते बरोबरच होतं.

सुनंदाताई म्हणाल्या, "खड्डा आमी खांदला, आजी. विहीर तं रोज डोळ्यापुढं होती आमच्या. आमाले बी नाही सुचलं." आणि मग, अडखळत, "मशीन आता बंदच ठेवतो आमी."

"कायले बंद ठेवता?" म्हातारी एकदम कडाडली. "वरच्या लेकराईनं काय पेवाव मंग? तेच बोअरचं? माह्या घरी झालं ते त्याईच्या घरी होऊ द्यावं का?" तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "ते खराब पानी दुसरीकडं न्या. खड्डा उकरा. विहीर उपसा. अन् मशीनच्या पान्याचा नळ इथं खाली आना, आमच्या दारापर्यंत. आन तू," माझ्याकडं वळून, "विहीर उपसल्याबिगर जाऊ नको."

मी माझं तिकीट रद्द केलं आणि तिच्याच घरी राहिले. नळीतलं दाट पाणी वरच्या तीन शेतकऱ्यांनी कपाशीला आणि तुरीला घ्यायचं कबूल केलं. जे बाळाला विष, ते पिकाला खत. खड्डा उकरून दगड बाहेर काढले. विहिरीवर दोन पंप लागले. दिवसभर उपसायची, झरे भरू द्यायचे, पुन्हा उपसायची. पहिल्या दिवशी दोर आणि नळ्या धरायला वरच्या गावातले पुरुष आले, तेव्हा कठड्याजवळ येऊन थोडे घुटमळले. "या ना," कौतिकाबाई म्हणाली, "विहीर कोनाले चावत नाही." दुपारी सगळ्यांना तिच्या अंगणात पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आणि भाकरी. तिखटानं माझ्या कानातून धूर निघाला. आम्ही कोल्हापूरकर तिखटाचा मोठा तोरा मिरवतो, तो त्या अंगणात उतरला. विहिरीच्या पाण्याची पट्टी रोज थोडी फिकी होत होती, पण विहीर पिण्याजोगी व्हायला एखादा पावसाळा जाईल, हेही मी तिला स्पष्ट सांगितलं. "जाऊ दे," ती म्हणाली. "पर सांगत जाय खरं."

दुसऱ्या एका गावात

एक नकाशा, बारा गावं. उरलेली अकरा मी माणिकभाऊंच्या गाडीवर बसून पाहिली. बहुतेक ठिकाणी खड्ड्याखाली माळ होता, नाला होता, रिकामं रान होतं. प्रत्येक वेळी मी आधी उतारावरून खाली चालत जायची आणि परत येताना श्वास सोडायची.

आठव्या गावात खाली विहीर निघाली. दहा-बारा घरांची. पट्टी बुडवली, ती गडद झाली. माणिकभाऊ मुकाट्यानं पाने घेऊन वर गेले, नळी बंद करायला. मी पहिल्या घरी गेले. तिशीतली एक बाई दारात तूर पाखडत होती. मी विचारलं, "इथं कुणाकडं तान्हं बाळ आहे का? बाटलीनं दूध पिणारं?"

तिचं सूप थांबलं. "होतं," ती म्हणाली.

"कुणाकडं?"

"माह्याच घरी. मांगच्या पौषात गेलं."

तिथून निघून जाणं सोपं होतं. मी विचारलं, "काय झालं होतं?"

"थंडी लागली म्हने. निळं पडलं होतं."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. त्या बाळाला काय झालं होतं हे आता कुणालाच कळणार नाही. प्लांट त्याच्या सहा महिने आधी सुरू झाला होता, एवढंच मला ठाऊक आहे. मी तिला तेवढंच सांगितलं, कमी नाही आणि जास्त नाही. विहीर, खड्डा, नकाशा, माझी सही. ती ऐकत होती. सुपातले तुरीचे दाणे तिनं एकेक करून बोटानं एका बाजूला लावले, मग पुन्हा दुसऱ्या बाजूला.

"पानी असं करते?" तिनं विचारलं.

"करतं. लहान बाळाला करतं."

"मोठ्याले?"

"मोठ्यांना सहसा नाही. पण पोटुशी असेल तिनं हे पिऊ नये. आणि बाळ झाल्यावर तर मुळीच देऊ नये."

ती उठली. मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल, आणि मी त्या ऐकून घ्यायला तयार होते. ती आत गेली, घडवंचीवरची भरलेली कळशी उचलून आणली आणि अंगणात उपडी केली. काळी माती बघताबघता पाणी पिऊन गेली. मग पदर खोचून तिनं पायात चपला सरकवल्या आणि फाटक उघडून माझ्यासाठी धरून ठेवलं.

"चाल," ती म्हणाली. "त्या शेवटच्या घरची सून पोटुशी हाये. तिले आगुदर सांगू."